हरलेला किल्ला

आमच्या जुईनगरात माती विकत घ्यावी लागते. नाव फुलाचे, पण सिडकोने आखून दिलेल्या या वस्तीत घराला अंगण नाही, आणि इमारतींच्या आवारात जी काही जमीन होती तिच्यावर फरशा बसूनही बरीच वर्षे झाली. दिवाळीच्या आधी मुलांना किल्ला करायचा झाला म्हणजे रोपवाटिकेतून लाल मातीच्या पिशव्या आणायच्या, दगडविटा दुरुस्ती चाललेल्या एखाद्या घराच्या राडारोड्यातून उचलायच्या, आणि एवढे झाल्यावर मग गाड्या उभ्या करण्याच्या जागेतला एक कोपरा कुणाच्या तरी हातापाया पडून मोकळा करून घ्यायचा. इतके सारे करून मुले किल्ले करतात याचे मला दरवर्षी नवल वाटते.

२०२५ च्या दिवाळीत आमच्या सोसायटीने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली आणि परीक्षक म्हणून मला नेमले. मी मराठीचा निवृत्त शिक्षक. पुस्तकांची परीक्षणे आयुष्यभर लिहीत आलो आहे, तेव्हा किल्ल्यांचे परीक्षण मला जड जाणार नाही, असा समितीचा समज झाला असावा. किल्ले पाच होते, त्यांतले दोन खरोखर चांगले. एकात कारंजे उडत होते आणि महादरवाजावर बारीक दिव्यांची माळ होती. दुसऱ्यात तसले काही नव्हते. पण त्याची तटबंदी डोंगराच्या उताराबरोबर वळत गेली होती, आणि अळीव अशा बेताने पेरले होते की ऐन दिवाळीत सारा डोंगर हिरवागार दिसावा. मी बराच वेळ घुटमळलो आणि पहिला क्रमांक कारंज्याला दिला. का दिला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कारंजे कुणालाही आवडते, मलाही आवडले, एवढेच.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बक्षिसे वाटली. पाडव्याच्या सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तो दुसरा किल्ला जागेवर नव्हता. तिथे मातीचा ढीग होता, आणि किल्ल्याचा कर्ता, वय वर्षे दहा, पायाने तो ढीग सारखा करीत उभा होता. मावळे त्याने खिशात भरले होते.

"अरे, किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात ना?" मी म्हणालो.

"हरलेला किल्ला कशाला ठेवायचा, आजोबा?" तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, रडू नव्हते. सात वाजले आहेत हे सांगावे तसे त्याने ते सांगितले. चौथीच्या इतिहासात त्याने पुरंदरचा तह वाचलेला असणार. १६६५ साली शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना देऊन टाकले, ते पाडून मात्र दिले नाहीत, असे उत्तर त्याला देता आले असते. ते मला दुपारी सुचले. शिक्षकाला उत्तरे नेहमी तास संपल्यावर सुचतात.

परंतु ते उत्तर दिले असते तरी त्याच्या प्रश्नाला पुरले नसते. कारण त्याला दुसरे बक्षीस मिळाले होते! पाचांत दुसरा येणे म्हणजे हरणे, हा अर्थ कोणत्याही शब्दकोशात नाही. त्या मुलाने तो शोधून काढलेला नव्हता. आम्हा मोठ्यांच्या बोलण्यातूनच त्याने तो उचलला असला पाहिजे. आणि इथे माझ्यातला समीक्षक बुचकळ्यात पडला. कारण माझा आजवरचा समज असा की, मराठी वाचकाइतका पराभूतांवर जीव टाकणारा वाचक दुसरा नसेल. आमच्या बोलण्यात १४ जानेवारी १७६१ अजून जिवंत आहे. एखादे काम फसले की आम्ही त्याचे 'पानिपत' झाले म्हणतो. विश्वास पाटलांनी १९८८ साली त्या पराभवावर कादंबरी लिहिली, तर लोकांनी ती डोक्यावर घेतली. आणि आमच्या घरोघरच्या कपाटातला नायक कोण? अर्जुन नव्हे, कर्ण! शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आली, रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ मध्ये. लग्नात, मुंजीत, निवृत्तीच्या समारंभात ही पुस्तके किती हातांतून किती हातांत गेली असतील याची मोजदाद नाही. पराभूताला पूजणाऱ्या अशा समाजातला मुलगा दुसऱ्या क्रमांकाचा किल्ला पायाने मोडतो, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या मुलीने पूर्वीच देऊन ठेवले होते. मी ते त्या वेळी नीट ऐकले नव्हते.

तिच्या दहावीचे ते वर्ष. तेव्हा बोर्ड गुणवत्ता यादी लावीत असे, आणि त्या यादीत नाव येण्याला 'बोर्डात येणे' म्हणत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून त्या मुलामुलींचे फोटो येत. आई पेढा भरवते आहे, बाजूला वडील डॉक्टर किंवा इंजिनियर. (ती यादी पुढे बंद झाली, हे बरे झाले. पेढे मात्र बंद झाले नाहीत. ते आता शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत गेले.) आमच्या मुलीकडून शाळेला आशा होती, मला तर होतीच. तिचे नाव थोड्या गुणांनी राहिले. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी माझी 'मृत्युंजय'ची प्रत तिच्या उशाशी ठेवली आणि म्हणालो, "वाच. मोठी माणसे यादीत नसतात." आपण फार समजूतदार बाप आहोत, असे मला त्या रात्री वाटले होते.

तिने ते पुस्तक एका दमात वाचले, आणि त्यावर ती मला काहीही बोलली नाही. बोलली ती वीस-बावीस वर्षांनी, स्वतः आई झाल्यावर, भाजी निवडता निवडता. "बाबा, तुम्ही मला कर्ण केलंत ना तेव्हा, त्याचा अर्थ मी काय घेतला सांगू? की मी खरी पहिलीच होते, आणि कुणीतरी माझं काढून घेतलं. मग मी कितीतरी वर्षं ते कुणी काढून घेतलं हेच शोधत बसले. कुणीच घेतलं नव्हतं हो! यादीतल्या मुलींनी माझ्यापेक्षा चांगले पेपर लिहिले होते."

हे वाक्य हाताशी धरून मी 'मृत्युंजय' पुन्हा वाचली, आणि मला कबूल केले पाहिजे की, पूर्वी जे दिसले नव्हते ते दिसले. कादंबरीच्या सामर्थ्याबद्दल मला शंका नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहा मुखांनी ती कथा सांगण्याची योजनाच मोठ्या धिटाईची आहे, आणि सावंतांच्या भाषेला जी भरती येते ती वाचकाला आपल्याबरोबर ओढून नेते. १९९४ साली तिला मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला तो काही उगाच नव्हे. पण हा कर्ण पराभूत आहे का? तो सूर्याचा मुलगा आहे. कवचकुंडले घेऊन जन्मलेला आहे. दानात त्याच्यासारखा कोणी नाही, देखणेपणात नाही, धनुर्विद्येत तर नाहीच. तो कमी पडतो ते शापाने, कपटाने, जन्माच्या गुपिताने. म्हणजे हा हरलेला माणूस नव्हे. हा गुण कापून घेतलेला पहिला क्रमांक आहे! आम्ही कर्णासाठी डोळे पुसतो तेव्हा पराभवासाठी पुसत नाही. पहिल्या क्रमांकावरची आमची श्रद्धा अढळच असते. फक्त निकालपत्रात चूक झाली, असे आमचे म्हणणे असते. आणि प्रत्येक वाचक मनातल्या मनात स्वतःचा निकाल त्याच फाइलीत घालून ठेवतो. सावंतांना हे अभिप्रेत होते असे मी म्हणत नाही. वाचकाने पुस्तकाचे काय केले, याबद्दल मी बोलतो आहे, आणि त्या वाचकांत मी पहिला.

मौज अशी की, त्याच १९६७ साली मराठीत दुसरा एक कर्ण आला होता. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मधला. त्या प्रकरणाचे नाव 'मी कोण?' एवढेच आहे. बाईंनी कर्णाचा कैवार घेतला नाही आणि त्याला आरोपीही केले नाही. महाभारतात तो जसा आहे तसा वाचला. महाभारतातला कर्ण घोषयात्रेत गंधर्वांपुढून पळालेला आहे, विराटाच्या गोधनासाठी झालेल्या लढाईत अर्जुनाकडून सरळ हरलेला आहे, आणि द्यूतसभेत जे बोलू नये ते बोललेला आहे. हा माणूस शापाशिवायही हरतो. तरी तो वाचण्यासारखा आहे, नव्हे, म्हणूनच आहे. 'युगान्त'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, जाणकारांनी मान डोलावली. पण दहावीत यादी हुकलेल्या मुलीच्या उशाशी ते पुस्तक ठेवावे असे कुणा बापाला सुचले नाही. मलाही नाही. ते माझ्याच कपाटात, 'मृत्युंजय'च्या शेजारी होते.

महाभारताचे जुने नावच मुळी 'जय'. जगात विजयाचे नाव धारण करणारा आणि विजयाची इतकी कडू चव देणारा दुसरा ग्रंथ मला माहीत नाही. त्यात स्पर्धेचा पहिला मोठा प्रसंग कोणता, हे आठवून पाहावे. तुझ्यासारखा धनुर्धर दुसरा होणार नाही, असा शब्द द्रोणांनी अर्जुनाला दिलेला आहे. रानात एक निषादाचा मुलगा त्याच्यापुढे गेलेला आढळतो. आणि पहिला क्रमांक राखण्यासाठी त्या मुलाचा अंगठा कापून घेण्यात येतो. आम्ही ही गोष्ट वर्गात गुरुभक्तीचा धडा म्हणून शिकवली. मी स्वतः तीस वर्षे शिकवली. अर्जुनाला त्या दिवशी काय वाटले असेल, हे एकाही मुलाने मला विचारले नाही, आणि मी विचारायला लावले नाही. शेवटी, सगळे जिंकून झाल्यावर युधिष्ठिराला तो जय पराजयासारखा वाटतो. स्वर्गात पोचतो तर तिथे आधीच आसनावर बसलेला कोण, तर दुर्योधन! व्यासांना निकालपत्रांविषयी फारसा आदर नव्हता असे दिसते.

कुणी म्हणेल, मग स्पर्धाच नको. मला हे मान्य नाही. स्पर्धा नको असे म्हणणाऱ्यांत एकदा जिंकून मोकळे झालेल्यांची संख्या मोठी असते, असा माझा अनुभव आहे. शिवाय स्पर्धेला पर्याय काय, हे आम्हा नव्या मुंबईकरांना चांगले ठाऊक आहे. इथली कितीतरी घरे सिडकोच्या सोडतीत लागलेली. चिठ्ठीत घर लागले तर माणूस नशिबाचे आभार मानतो, ज्याला लागले नाही तोही मोडून पडत नाही. पुढच्या सोडतीचा अर्ज भरतो. यात अपमान कुणाचाच नाही हे खरे, पण यात कुणाला काही करून दाखवताही येत नाही. तटबंदी डोंगराच्या उताराबरोबर वळवावी हे त्या मुलाला सुचले, ते शेजारी दुसरा किल्ला उभा राहत होता म्हणूनही असेल.

आमच्या तालमीच्या भाषेत एक फार चांगला शब्द आहे. कुस्तीत समोरच्या पहिलवानाला 'जोड' म्हणतात. अमक्याला तमक्याची जोड लावली, असे बोलतात. जोड तोलामोलाची नसेल तर लोक मैदानातून उठून जातात, आणि दुबळ्या जोडीला चितपट करणाऱ्याला कुणी फेटा बांधीत नाही. ज्याच्याशी लढायचे त्यालाच जोड म्हणण्यात केवढी समज आहे! शिकवणीवर्गात हा शब्द पोचला नाही. तिथे बाकीचे सारे म्हणजे गर्दी, आणि आपण तिच्यातून वर यायचे.

हे सारे माझ्या डोक्यात घोळत होते, आणि त्याच दिवसांत आमच्या शेजारी मोठ्या जोडी लागत होत्या. जुईनगरच्या पुढचे स्टेशन नेरूळ, तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या विश्वचषकाचे सामने चालले होते. भाऊबीजेच्या दिवशी, २३ ऑक्टोबरला, न्यूझीलंडविरुद्ध सांगलीच्या स्मृती मानधनाने १०९ आणि प्रतिका रावळने १२२ धावा केल्या. त्याआधी आपला संघ ओळीने तीन सामने हरलेला होता, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहिले नाही. ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा आपण पार केल्या. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावा करून नाबाद राहिली. याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्धच्या सामन्याला तिला वगळले होते. २ नोव्हेंबरला अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर संपला. भारत ७ बाद २९८, दक्षिण आफ्रिका सर्वबाद २४६. २००५ आणि २०१७ च्या अंतिम सामन्यांत हरलेला देश पहिल्यांदा जिंकला. फटाक्यांचा आवाज आमच्या खिडकीच्या काचांवर येत होता. मुलगी आणि मी दोघेही जागे होतो, आणि सांगायला हरकत नाही, दोघेही रडलो.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे हाती आली आणि माझे मन पुन्हा खट्टू झाले. प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांची गोष्ट जिकडेतिकडे होती. ती सर्वांना ठाऊक आहे. १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली, आणि पुढचा फलंदाज अमोल पॅड बांधून बसूनच राहिला. पुढे त्यांनी मुंबईकडून रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा जमवल्या, आणि भारताकडून एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. आता विश्वचषक आला आणि वाचायला मिळाले ते असे की, अखेर न्याय झाला. म्हणजे पुन्हा कर्ण! गुण कापले होते, ते व्याजासह परत मिळाले.

मी विचार करतो तो त्या अमनजोत कौरच्या झेलाचा. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्व्हार्ट १०१ धावांवर खेळत होती. चेंडू उंच उडाला, अमनजोतच्या हातातून निसटला, पुन्हा निसटला आणि मग कसाबसा सापडला. तो जमिनीवर पडला असता तर? सामना कदाचित फिरला असता. मग मुझुमदारांच्या त्या अकरा हजार धावांचे काय झाले असते? त्या होत्या तितक्याच राहिल्या असत्या. पण त्यांच्यावर एक ओळ छापून आली नसती. एका निसटत्या चेंडूवर ज्याचा अर्थ ठरतो, ती एका माणसाच्या पंचवीस-तीस वर्षांची कथा नव्हे. ती आमच्या वाचण्याची खोड आहे. आणि १९८८ चे ते दोन दिवस तरी वाया गेलेले कसे? पुढचा फलंदाज पॅड बांधून बसलेला असतो म्हणून तर आतला निर्धास्त खेळतो. ६६४ च्या आकड्यात त्या बसण्याचा वाटा किती, हे धावफलकात लिहिण्याची सोय नाही.

प्रतिका रावळचे तर नावच यादीत राहिले नाही. भाऊबीजेला शतक केलेली ही मुलगी तीन दिवसांनी बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना जायबंदी झाली. तिच्या जागी आधी संघातच नसलेली शेफाली वर्मा आली आणि अंतिम सामन्यात ८७ धावा व दोन बळी घेऊन सामन्याची मानकरी ठरली. स्पर्धेत ३०८ धावा केलेली प्रतिका चाकांच्या खुर्चीत बसून आनंदात सामील झाली. पदके पंधरा, संघात त्या दिवशी नावे पंधरा. त्यांत ती नव्हती. पुढे तिच्यासाठीही पदकाची व्यवस्था झाली, हे चांगलेच झाले. परंतु शेफालीच्या ८७ धावा आणि प्रतिकाचे दुखावलेले पाऊल या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरणारी भाषा आमच्यापाशी आहे का? एकीवर अन्याय झाला म्हणावे तर दुसरी चोर ठरते. कर्णाच्या गोष्टीने इथे काहीच भागत नाही. इथे कपट नाही, शाप नाही, कुणाचा दोष नाही.

आणि लॉरा वोल्व्हार्ट? उपांत्य सामन्यात १६९, अंतिम सामन्यात १०१, स्पर्धेत सर्वांत जास्त ५७१ धावा. ती हरली. तिचे कुणी काढून घेतले नाही. समोरच्या अकरा जणी त्या रात्री अधिक चांगल्या खेळल्या. तोलामोलाची जोड म्हणतात ती अशी. ती बाद होऊन परत जात होती तेव्हा माझी मुलगी टाळ्या वाजवत होती, आणि मी तिच्याकडे पाहत होतो.

मराठी कादंबरीकडे माझे मागणे आहे ते याच माणसाचे. राजाचे नको, कर्णाचे नको, पानिपतचेही आता पुरे. पॅड बांधून बसलेल्याची, पंधरांच्या बाहेर राहिलेल्या सोळाव्या मुलीची, चांगला पेपर लिहूनही जिच्यापेक्षा इतरांनी अधिक चांगला लिहिला अशा विद्यार्थिनीची गोष्ट मला वाचायची आहे. तिला शेवटी न्याय मिळू नये, कारण अन्याय झालेलाच नाही. अशी कादंबरी लिहिणे फार कठीण आहे याची मला कल्पना आहे. तीत रडू कुठे आणायचे, हा प्रश्न लेखकाला पडेल, आणि प्रकाशकाला त्याहून मोठा.

सोसायटीच्या सभेत मी यंदा सुचवून पाहिले की, किल्ल्यांना क्रमांक देऊ नयेत. प्रत्येक किल्ल्याविषयी परीक्षकाने चार ओळी लिहून तिथे लावाव्यात. सभासदांनी शांतपणे ऐकून घेतले. "सर, बक्षीस नसेल तर मुलं मातीला हात लावणार नाहीत," चिटणीस म्हणाले, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. शेवटी बक्षिसेही ठेवायची आणि चार ओळीही लावायच्या, असे ठरले. परीक्षक पुन्हा मीच. परवा जिन्यात तो मुलगा भेटला. आता अकरा वर्षांचा आहे. यंदा किल्ला करणार का, असे मी विचारले, तर म्हणाला, "कारंजं कसं करतात ते शिकलोय, आजोबा."

त्याची तटबंदी उताराबरोबर वळत होती, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.